तीन वाजताची स्वच्छ हवा

पेट्रोल चोख आहे की नाही हे बघायला आमच्याकडे एक पांढरा कागद असतो. फिल्टर पेपर. नोझलचं तोंड नीट पुसायचं, कागदावर एक थेंब पाडायचा आणि दोन मिनिटं गप्प उभं राहायचं. थेंब पसरतो, ओला गोल दिसतो, मग कडेकडेनं आक्रसत जातो आणि कागद पुन्हा होता तसा कोरा. डाग राहिला तर भेसळ, नाही राहिला तर माल चोख. गिऱ्हाईकानं शंका काढली की हा कोरा कागद त्याच्या नाकासमोर नाचवायचा, हा माझा आवडता उद्योग. खालापूरला जुन्या हायवेवरच्या पंपावर माझी सव्वीस वर्षं गेली, आणि माझ्या कागदावर एकदाही डाग राहिला नाही.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाकावर माशी बसू देत नाही. बायको म्हणते, "टाकीजवळ काडी ओढायला बंदी हाय म्हनतात, मग तुमाला कसं ठेवलंय तिकडं?" तिचं बोलणं सोडा, पण त्यात खोटं काही नाही.

आमची मुलगी एकुलती एक. कर्जतच्या कॉलेजातून बी.ए. झाली आणि तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. आमच्या दहिवलीत अशा बऱ्याच पोरी आहेत. गोळा फेकतात, धावतात, पाठांतर करतात. मुलींना आठशे मीटर धावावं लागतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आली तर पूर्ण मार्क, पुढच्या सेकंदाला मार्क गळायला लागतात. मागच्या भरतीत पोरगी दोन मार्कांनी राहिली होती. यादी लागली त्या दिवशी ती रडली नाही, जेवली, भांडी घासली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून उभी. तेव्हाच मी ठरवलं की ह्या वेळी हिच्या मागं आपण उभं राहायचं. उभा राहिलोही, आणि तिथंच घोळ झाला.

दिवाळी सरली की आमच्या खोलगट मुलुखात सकाळी धुरकं साचतं. नुसतं धुकं नाही, धूर आणि धुकं एक झालेलं मळकट पांघरूण. माझी पाळी सकाळी सहाची. मोटरसायकलवरून खालापूरला जाताना पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसायचे, ट्रक दिसायचा नाही. पंपावर पोचेपर्यंत रुमालाची घडी नाकाजवळ काळी. एके दिवशी तो रुमाल बघितला आणि डोकंच फिरलं. म्हटलं, आपण गाडीवर बसून एवढं खातोय, आणि पोरगी ह्यातच तोंड उघडं टाकून धावतेय!

दुपारी घरी गेलो आणि फर्मान काढलं. "उद्यापासून सकाळचं धावणं बंद. दुपारी तीनला धावायचं. कडावला, आपल्या शेतावर."

"पप्पा, सकाळी सगळ्या पोरी असतात सोबत."

"पोरी गेल्या उडत. तिकडं मी असेन सोबत."

कडावला माझा थोरला भाऊ शेती बघतो. भात कापून झालं होतं, एका खाचरात वाल पेरले होते, बाकीची मोकळी होती. मी भावाकडून दोन खाचरांमधला बांध फोडून घेतला, धसकटं फावड्यानं सपाट केली, दोरी धरून दोनशे मीटरचा गोल मोजला आणि फक्कीनं पांढरी रेघ मारली. चार फेऱ्या म्हणजे आठशे. रस्ता लांब, ट्रक नाही, टेंपो नाही, आभाळ निळंभोर. समोर डोंगर. डोंगर जरा पुसट दिसायचे खरे, पण म्हटलं उन्हामुळं असेल. मी छातीभर श्वास घेतला आणि भावाला म्हणालो, "बघ, ह्याला म्हणतात हवा! कोरी!" आमच्या धंद्यातल्या माणसाला डोळ्याला दिसतं तेवढंच खरं वाटतं. डाग नाही म्हणजे माल चोख.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा कुणाला सांगितली नाही. माझी पाळी दोनला सुटते. तीन ही वेळ पोरीला नव्हे, मला सोयीची होती. घड्याळ माझ्याच हातात पाहिजे होतं.

त्याच सुमारास पंपावर एका मॅडमशी माझी वाजली होती. त्या कर्जतच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. खालापूरवरून घरी जाताना स्कूटीत पेट्रोल भरायला यायच्या. आता पंपावरचा रिवाज असा की टाकी भरली की नोझल आपोआप 'खट्' करून बंद होतो, पण गिऱ्हाईक म्हणतं, "गळ्यापर्यंत भर रे." मग आम्ही नोझल जरा वर उचलून आणखी थोडं थोडं ओततो, अगदी झाकणाच्या आट्यांपर्यंत. पाहुण्याच्या पानात नको म्हणताना आणखी एक भाकरी सरकवावी, तसंच ते. मी त्यांच्या स्कूटीलाही तेच करायला गेलो.

"दादा, बास. खट् झालं की थांबायचं," त्या म्हणाल्या.

"मॅडम, तुमच्याच फायद्याचं आहे."

"कसला फायदा? ते टाकीत राहत नाही, उडतं."

मला राग आला. मी म्हणालो, "इथलं पेट्रोल चोख आहे. कागद दाखवू?" आणि दाखवलाच. थेंब टाकला, दोघं बघत उभे राहिलो. कागद कोरा झाला.

"बघा, डाग आहे?"

"नाही," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण दादा, डाग गेला कुठे?"

"गेला म्हणजे? उडाला."

"उडून कुठे गेला?"

आता हा काय प्रश्न झाला? मागं चार गाड्या हॉर्न मारत होत्या. मी म्हणालो, "स्वर्गात गेला, मॅडम. गाडी पुढं घ्या." त्या हसल्या आणि गेल्या. मी मात्र दिवसभर चरफडत होतो.

कडावचं धावणं सुरू झालं. पहिल्या पंधरा दिवसांत वेळ उतरली. तीन मिनिटं दोन, मग दोन अट्ठावन्न, मग दोन पंचावन्न. मी बांधावर उभा राहून ओरडायचो, "हात हलव! मान वर!" वालाच्या खाचरातून वहिनी हसायची. मग वेळ अडकली. पंचावन्नच्या खाली यायचं नाव नाही. आणि डिसेंबर संपता संपता उलटी चढायला लागली. दोन एकोणसाठ. तीन चार. दिवस जेवढा लख्ख, ऊन जेवढं कडक, तेवढं तिचं धावणं वाईट. हे आज कळतंय. तेव्हा मी फक्त आकडा बघत होतो.

ती म्हणायची, "पप्पा, घसा खरवडतोय." मी म्हणायचो, पाणी कमी पितेस. म्हणायची, "डोळे चुरचुरतात." मी म्हणायचो, मोबाईल कमी बघ. धावणं झालं की तिला खोकला यायचा, कोरडा, संपता संपायचा नाही. मी म्हणायचो, सवय होईल. बापाजवळ उत्तरं तयार असतात, प्रश्न नीट ऐकला नाही तरी.

जानेवारीतली ती दुपार. वारा पश्चिमेकडून येत होता, ऊन असं की फक्कीची रेघ डोळ्यांत जात होती. दोन फेऱ्या तिनं झकास काढल्या. मी मनात म्हटलं, आज पन्नासच्या आत. तिसऱ्या फेरीला समोरच्या कोपऱ्यावर ती थांबली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली. घड्याळ माझ्या हातात धावतच होतं. माझं टाळकं सटकलं.

"थांबलीस का? पळ!"

तिनं हात वर केला, जरा थांबा म्हणून.

"नाटकं करू नकोस! मागच्या वेळी दोन मार्कांनी बोंब झाली, ती विसरलीस? पूर्ण कर!"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खरंच धावायला लागली. धावणं कसलं ते, पाय ओढत चालणं. तिसरी फेरी संपवली, चौथी सुरू केली, आणि माझ्यासमोरून जाताना मला तिच्या छातीतून आवाज ऐकू आला. बारीक, किनरा, सुईच्या भोकातून वारा जावा तसा. ओठ निळसर झालेले. वहिनी हातातला वाल टाकून धावत आली आणि माझ्यावर ओरडली, "भावजी, डोळं फुटलं का तुमचं? पोर मराया लागली!" तेव्हा कुठं मी घड्याळ बंद केलं.

भावाच्या टेंपोतून तिला कर्जतला डॉक्टरांकडं नेलं. वाटेत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून एक एक श्वास ओढत होती. मी मोजत होतो. सव्वीस वर्षं आकडे बघायची सवय, दुसरं काय येतं मला! दवाखान्यात वाफेचा मास्क लावला, इंजेक्शन दिलं, तासाभरानं श्वास खाली बसला. डॉक्टरांनी विचारलं, "आधी कधी दमा होता? घरात कुणाला?"

"नाही. कुणालाच नाही."

"धावते कुठं आणि केव्हा?"

मी ताठ मानेनं सांगितलं, "दुपारी तीनला, कडावला, शेतात. हायवेपासून लांब. एकदम स्वच्छ हवा."

डॉक्टर माझ्याकडं बघेनात. तिला विचारलं, "आधी सकाळी धावायचीस, तेव्हा असं व्हायचं?"

तिनं मास्क जरा बाजूला केला. "नाय. सकाळी कधीच नाय झालं."

हा प्रश्न मी दोन महिन्यांत एकदाही विचारला नव्हता. डॉक्टर म्हणाले, श्वासनळ्या सुजल्यात, तीन आठवडे धावणं बंद, हा इन्हेलरचा पंप ओढायचा, आणि भर दुपारी मैदानावर अजिबात जायचं नाही. दुपारीच का, ते विचारलं तर म्हणाले, "दुपारच्या हवेत जे असतं ते डोळ्यांना दिसत नाही." बाहेर पेशंटांची रांग होती. त्यांनी पुढची चिठ्ठी उचलली.

घरी आल्यावर बायकोनं काही विचारलं नाही. वहिनीनं फोनवर सगळं सांगितलं होतं. पोरगी झोपल्यावर एवढंच म्हणाली, "नाटकं म्हनालात तिला?" मैदानी चाचणीला सात आठवडे होते. पोरीनं भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून ठेवल्या होत्या. त्यातले तीन आठवडे आता अंथरुणात जाणार होते.

दुसऱ्या दिवशी पंपावर गेलो, रोजच्यासारखा कागद काढला, थेंब टाकला. गोल आक्रसत गेला. आणि मला मॅडमचा प्रश्न आठवला. दुपारच्या हवेत जे असतं ते दिसत नाही. डाग गेला कुठे? तो कागद मी हातात धरून कितीतरी वेळ उभा होतो.

चार दिवस त्यांची वाट बघितली. पाचव्या दिवशी स्कूटी आली. खट् झालं, मी थांबलो. त्यांनी चमकून बघितलं. मी म्हणालो, "मॅडम, जरा हवा भरायच्या कोपऱ्यात येता? एक विचारायचंय." आणि पोरीचं सगळं सांगितलं. नाटकं म्हणालो ते सोडून सगळं.

त्या म्हणाल्या, "तुमच्याकडं भात पाखडतात ना सुपात? काय होतं?"

"फोल उडतं, दाणा राहतो."

"पेट्रोल ही एक वस्तू नाही, दादा. कार्बन आणि हायड्रोजनची शेकडो निरनिराळी संयुगं आहेत त्यात. काही अगदी हलकी. जरा ऊन लागलं, झाकण उघडलं, गळ्यापर्यंत ओतलं, की ती फोलासारखी उडतात. काही जड असतात, ती सगळी जळत नाहीत, सायलेन्सरमधून तशीच बाहेर पडतात. कारखान्यात मिश्रण कसं बनवलंय त्यावर असतं, किती उडणार आणि काय उडणार."

"उडू दे की. वर जाऊन विरून जाणार."

"तिथंच चूक होते. नुसतं किती उडालं ते बघून चालत नाही, स्वभावही बघावा लागतो. काही संयुगं थंड. दिवसभर हवेत फिरतील, कुणाशी भांडणार नाहीत. काही तापट. त्यांच्यात कार्बनची दुहेरी जोडी असते, ऑलेफिन म्हणतात त्यांना. काहींची साखळी गोल वळलेली, त्यांतलीही काही चांगलीच तापट. अशी थोडीशी उडाली तरी पुरे. सूर्य वर आला, गाड्यांच्या धुरातला नायट्रोजन ऑक्साईडचा वायू भेटला, की ह्यांची जुंपते. त्या भांडणातून ओझोन तयार होतो."

"ओझोन म्हणजे ती आभाळातली छत्री ना? तो तर चांगला."

"वर आहे तोवर चांगला. खाली, नाकापाशी आला की श्वासनळ्या भाजून काढतो. त्याला रंग नाही, काळा रुमाल होत नाही. सकाळचं धुरकं तुम्हाला दिसलं. दुपारचं दिसलं नाही."

तापट म्हटल्यावर मला उगीच वाटलं की बाई माझ्याबद्दलच बोलतायत. मी म्हणालो, "पण मॅडम, कडाव हायवेपासून लांब आहे! रस्ताच नको म्हणून तर नेलं तिला तिकडं!"

त्यांनी मान खाली घातली. सांगावं की नको, असं झालं असणार त्यांना. मग सांगितलं. हे शिजायला काही तास लागतात, ऊन लागतं. पनवेलकडच्या, मुंबईकडच्या गाड्यांची सकाळची वाफ आणि धूर दुपारच्या समुद्राच्या वाऱ्यावर शिजत शिजत आपल्याकडं येतो, आणि पुढं घाट आडवा. दोन ते चार ही वेळ सगळ्यात वाईट. रस्त्याच्या अगदी कडेला गाड्यांचा ताजा धूर उलट थोडा ओझोन खाऊन टाकतो. लांब मोकळ्या शेतात त्याला खाणारं कुणी नाही. आणि धावणारा माणूस बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत घेतो.

वेळ मी निवडली होती. जागा मी निवडली होती. फक्कीची रेघसुद्धा माझ्या हातची.

"पण आमच्या पंपाचं पेट्रोल चोख आहे हो," मी म्हणालो. का म्हणालो देव जाणे. बुडत्याला काडीचा आधार.

"चोखच आहे, दादा. चोख आहे म्हणूनच कागदावर काही राहत नाही." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "तुमच्या पंपामुळं तुमची मुलगी आजारी पडली असं मी म्हणत नाही. लाखो गाड्यांचं आहे हे, कारखान्यांचंही आहे. तिला कडावलाच न्या, जागा छान आहे. फक्त सकाळी न्या. धुरकं उठल्यावर, नऊच्या आत. आणि डॉक्टरांना विचारून."

मी मालकाकडं जाऊन पाळी बदलून घेतली, दोनची केली. संध्याकाळी घरी सांगितलं, आता सकाळी साडेसातला जायचं. ओझोनचंही सांगितलं, तापट संयुगांचंही सांगितलं. बायको म्हणाली, "म्हंजे तुमचीच जात." पोरगी हसली, त्या आजारपणात पहिल्यांदा. ते ऐकून मला भरून आलं. तेव्हाच बोलायला हवं होतं. 'चुकलो' हा तीन अक्षरांचा शब्द, पण माझ्या घशात मासळीचा काटा अडकावा तसा अडकला. मी उठून मोटरसायकल पुसायला गेलो.

चौथ्या आठवड्यात डॉक्टरांनी हळू धावायला परवानगी दिली. पंप ओढायचा, पंधरा मिनिटं थांबायचं, मग धावायचं. मी बांधावर तोंड शिवल्यासारखा उभा. तीन वीस. तीन दहा. तीन पाच. तिच्या पावलांपेक्षा माझं लक्ष तिच्या छातीकडं. जरा खोकली की मी बांधावरून खाली उतरायचो. ओरडणं सोडाच, वेळ सांगायलाही मी कचरायचो. तीच विचारायची, "किती?" शेवटच्या आठवड्यात दोन त्रेपन्न झाली. तीन सेकंद उरले होते आणि दिवस संपले होते.

पंपावर मी 'खट् झालं की बास' सुरू केलं. भांडणं आधीही व्हायची, आता उलट बाजूनं व्हायला लागली. "गळ्यापर्यंत भर की रे, तुझ्या बापाचं काय जातंय?" असं एक जण म्हणाला. मी म्हणालो, "बापाचं नाही, लेकीचं जातंय." त्याला काही कळलं नाही.

चाचणीच्या दिवशी आम्ही अंधारातच निघालो आणि जिल्ह्याच्या मैदानावर उजाडायच्या आत पोचलो. ती आत गेली, मी गेटबाहेर. भिंत उंच, आतलं काही दिसत नव्हतं, नुसती शिट्टी ऐकू यायची. हजारो पोरी आलेल्या. आधी कागदपत्रं, मग उंची, मग गोळा, मग धावणं. वेळ लागणारच. आठ वाजले. मी म्हटलं, आता होईल. नऊ वाजले. शेजारी उभ्या बापांनी सावली धरली, मी उन्हातच उभा होतो, माझी सावली बघत. ती आखूड होत चालली होती. दहा. बाहेर आलेल्या एका पोरीला विचारलं, कितवी तुकडी चाललीय? आमची अजून बरीच मागं होती. अकरा. ऊन डोक्यावर. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, एकामागून एक, आणि प्रत्येक गाडीतून काय उडतंय ते मला दिसायला लागलं होतं. आधी न दिसणारं आता दिसत होतं, आणि त्याचा उपयोग शून्य. आत जाऊन सांगणार काय? की साहेब, ऊन चढलं, माझ्या पोरीला उद्या सकाळी धावू द्या?

साडेअकराच्या पुढं आत शिट्टी झाली. तिचीच तुकडी, असं मला वाटलं. मी डोळे मिटले आणि मनात मोजायला लागलो. शंभरपर्यंत मोजलं आणि पुढचे आकडे विसरलो.

अर्ध्या तासानं ती गेटातून आली. चालतच आली, पण एक हात छातीवर, चेहरा पिवळा. बाकावर बसली, पंप काढला, ओढला, डोळे मिटून थांबली. मी समोर उभा. विचारायची हिंमत होईना.

"दोन एकोणपन्नास," ती म्हणाली.

मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं. "शाब्बास बाय, शाब्बास गं माझी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिलो.

"दुसऱ्या फेरीच्या वळणावर छाती आवळली," ती म्हणाली. श्वास पुरत नव्हता, दोन दोन शब्द येत होते. "तसंच, कडावसारखं. थांबणार होते. पाय थांबतच आले होते. मग तुमचा आवाज आला कानात."

मी खुळ्यासारखा हसलो. मला वाटलं, शाब्बासकीचा आवाज असेल.

"नाटकं करू नकोस. हेच. म्हनून पळाले. रागानं पळाले, पप्पा."

मला वाटलं होतं ते वाक्य त्या दुपारीच उडून गेलं. माझ्या बाजूनं काही उरलं नव्हतं. दोन महिने ती ते छातीत घेऊन धावत होती, आणि आज मैदानावर श्वास संपला तेव्हा तेच पुढं आलं. तिला काही झालं असतं तर? त्या वाक्यानं तिला मार्क मिळवून दिले, असं मी कुठल्या तोंडानं म्हणू?

तिनं डोळे उघडले. "त्या दिवशी मी नाटकं करत नव्हते."

"मला माहीत आहे गं बाय."

"मला पन माहीत हाय, तुमाला माहीत हाय ते. सकाळची पाळी सोडलीत तुमी. पन म्हनाला नाय कधी."

गेटवर माणसांची ही गर्दी. पोरी, बाप, भाऊ, चहावाला. शेजारचा बाप माझ्याकडंच बघत होता. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो.

"चुकलो, बाय," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पाण्यासाठी हात पुढं केला.